मूठभर घरांचं शहर: स्टाव्हर्डन आणि डच सनदांची गोष्ट

नेदरलँड्सच्या गेल्डरलंड प्रांतात, एर्मेलो या गावाजवळच्या रानात स्टाव्हर्डन नावाची एक वस्ती आहे. तिथे राहणारी माणसं पन्नासही भरत नाहीत. एक जुनी जहागीर, तिच्या मधोमध १९०५ च्या सुमाराला बांधलेला वाडा, शेजारून वाहणारा ओढा, उंच झाडांच्या रांगा आणि थोडी शेतघरं, एवढाच सगळा पसारा. तरीही १२९८ साली या जागेला शहराचे हक्क देणारी सनद मिळाली. अ‍ॅमस्टरडॅमला अशी सनद मिळाली ती १३०० ते १३०६ च्या दरम्यान. म्हणजे कागदपत्रांच्या हिशेबात आजचं नऊ लाखांहून जास्त वस्तीचं अ‍ॅमस्टरडॅम हे स्टाव्हर्डनपेक्षा धाकटं शहर ठरतं.

हे ऐकून गोंधळायला होतं, कारण आपल्या डोक्यात शहराचं मोजमाप लोकसंख्येचं असतं. गावाची वस्ती वाढली, शेतीवर जगणारे कमी झाले, की ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते, पुढे नगरपरिषद, मग महानगरपालिका. आधी माणसं वाढतात आणि मग दर्जा मिळतो. मध्ययुगीन युरोपात मात्र दर्जा आधी मिळाला आणि माणसं नंतर आली, असं पुष्कळदा घडलं. काही ठिकाणी ती आलीच नाहीत. स्टाव्हर्डन हे त्यातलंच एक.

मग त्या सनदेत असायचं तरी काय?

तेराव्या शतकातला खेड्यातला माणूस डोळ्यांसमोर आणा. तो ज्या जमिनीवर राबतो ती बहुधा सरदाराची किंवा मठाची. त्याचा न्याय सरदाराचा माणूस करणार. दंड किती, शिक्षा कोणती, हे पुष्कळसं रूढीवर आणि त्या माणसाच्या मर्जीवर. धान्य किंवा कापड विकायला निघाला तर वाटेत ठिकठिकाणी जकात. पूल ओलांडला, द्या पैसे. नदीतून होडी नेली, द्या पैसे. अशा प्रदेशात एखाद्या वस्तीला काउंटाकडून, ड्यूककडून किंवा बिशपकडून सनद मिळाली, की तिच्या हद्दीत वेगळा कायदा सुरू व्हायचा. त्या वस्तीला स्वतःचं न्यायमंडळ मिळे. त्यावर बसणारे पंच तिथलेच प्रतिष्ठित नागरिक असत. सरदाराचा अधिकारी न्यायालयात हजर राही, पण निवाडा पंचांचा. कोणत्या गुन्ह्याला किती दंड हे आधीच लिहून ठेवलेलं असे. आठवड्याचा बाजार आणि वर्षाची जत्रा भरवण्याचा हक्क मिळे. पुष्कळदा जकातीतून सूट मिळे. भिंत किंवा खंदक बांधून वस्ती सुरक्षित करण्याची परवानगी मिळे. पुढे पुढे माल तोलण्याचा सरकारी काटा, कारागिरांच्या संघटना, स्थानिक कर बसवण्याची मुभा, हेही आलं. प्रत्येक सनदेत हे सगळंच असायचं असं नाही. कुणाला भरभरून मिळालं, कुणाला जेमतेम.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो लिहून ठेवलेला कायदा. भिंती, बाजार, काटा हे डोळ्यांना दिसतं, म्हणून त्यांचीच वर्णनं होतात. पण दूर देशीचा व्यापारी एखाद्या ठिकाणी माल घेऊन का येईल? तिथे फसवणूक झाली तर दाद कुणाकडे मागायची आणि निकाल कशाच्या आधारे लागेल, हे त्याला आधी ठाऊक असेल तर. ती खात्री सनदेने दिली. शिवाय अनेक शहरांत असा नियम होता, की पारतंत्र्यातला कुळवाडी शहरात येऊन एक वर्ष आणि एक दिवस राहिला आणि धन्याने त्याच्यावर दावा सांगितला नाही, तर तो मोकळा. अर्थात शहरात राहणारा प्रत्येक जण नागरिक नव्हता. नागरिकत्व जन्माने, लग्नाने किंवा पैसे भरून मिळवावं लागे, आणि मोलमजुरी करणाऱ्या कित्येकांना ते कधीच परवडलं नाही.

सरदार मंडळी आपल्या हातातली सत्ता अशी वाटून का देत होती? दानत म्हणून नव्हे. शहर वाढलं की बाजार वाढतो, बाजार वाढला की कर वाढतो, दंडातला वाटा मिळतो. युद्धाच्या वेळी शहराकडून माणसं आणि पैसा मागता येतो. शिवाय आजूबाजूच्या उद्दाम उमरावांना वचक बसवायला आपल्या बाजूचं, तटबंदीचं ठिकाण हाताशी राहतं. सनद हा दोन्ही बाजूंच्या फायद्याचा करार होता, आणि पुष्कळदा तो भविष्यावर लावलेला डाव होता. आज इथे काही नाही, पण हक्क दिले तर उद्या लोक येतील, या आशेवर दिलेला.

गेल्डर्सच्या, म्हणजे आजच्या गेल्डरलंडच्या, काउंटांनी हा डाव अनेकदा खेळला. काउंट दुसरा ओटो याने १२३१ मध्ये हार्डरवाइकला, १२३३ मध्ये आर्नेमला, १२३६ मध्ये डुटिंकेमला, १२३७ मध्ये डुसबर्गला सनदा दिल्या. ही सगळी नावं आजही नकाशावर ठसठशीत दिसतात. त्याचा मुलगा पहिला रायनाल्ड. स्टाव्हर्डनची सनद याची.

रायनाल्डची कहाणी जाणून घेतल्याशिवाय स्टाव्हर्डन नीट समजत नाही. लिम्बर्ग या संस्थानाच्या वारशावरून त्याचं ब्राबांटच्या ड्यूकशी वैर जुंपलं आणि ५ जून १२८८ रोजी कोलोनजवळ वोरिंगेनच्या लढाईत तो हरला, कैद झाला. सुटकेसाठी त्याला लिम्बर्गवरचा हक्क सोडावा लागला. डोक्यावर कर्जाचा डोंगर होता, आणि आपल्या मुलखाचं उत्पन्न त्याला सासऱ्याकडे, म्हणजे फ्लँडर्सच्या काउंटाकडे गहाण टाकावं लागलं होतं. अशा अवस्थेतला काउंट दहा वर्षांनी रानातल्या एका जागेला शहराचे हक्क देतो, याचा अर्थ माझ्या मते सरळ आहे: त्याला नवं उत्पन्न हवं होतं आणि उजाड मुलखात आपला पाय रोवायचा होता. नशीब मात्र त्याच्यावर रुसलेलंच राहिलं. पुढे त्याच्याच मुलाने सत्ता हाती घेतली आणि बापाला माँटफोर्टच्या किल्ल्यात डांबलं. १३२६ मध्ये रायनाल्ड त्याच कैदेत मेला.

स्टाव्हर्डनमध्ये शहर का उभं राहिलं नाही, याचं उत्तर पायाखालच्या मातीत आहे. ही जागा फेल्यूव्ह नावाच्या पट्ट्यात येते. वाळूची जमीन, मैलोन्‌मैल झुडपांचं माळरान, मधूनमधून जंगल, वाऱ्याने सरकणारे वाळूचे ढिगारे. पीक बेताचं. ओढा आहे, पण त्यातून मालाची होडी जाणार नाही. वायव्येला थोड्याच अंतरावर हार्डरवाइक होतं, ते समुद्राच्या आखाताकाठी. मासे, जहाजं, हान्सा व्यापारी संघाचं सदस्यत्व, सगळं तिथे. पुढे तिथे विद्यापीठही झालं आणि वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या कार्ल लिनियसने १७३५ मध्ये त्याच विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. व्यापाऱ्याने हार्डरवाइक सोडून स्टाव्हर्डनच्या रानात दुकान का थाटावं? सनदेकडे याचं उत्तर नव्हतं.

अ‍ॅमस्टरडॅमकडे बघितलं की हे आणखी स्पष्ट होतं. त्या नावाचा सर्वांत जुना उल्लेख सापडतो तो १२७५ च्या एका कागदात. हॉलंडचा (हा तेव्हा देशाच्या पश्चिमेकडचा एक प्रांत) काउंट पाचवा फ्लोरिस याने तिथल्या रहिवाशांना जकातीतून सूट दिली, त्याचा तो कागद. १३२३ मध्ये हॅम्बर्गहून येणाऱ्या बिअरवरची जकात तिथे गोळा होऊ लागली. नदीचं मुख, बंधारा, बंदर आणि उत्तरेकडून येणारा माल हे आधीपासून होतं. सनदेने त्या चालत्या गाड्याला चांगला रस्ता करून दिला. स्टाव्हर्डनमध्ये रस्ता तयार होता, गाडाच नव्हता.

त्या वस्तीची आठवण राहिली ती पांढऱ्या मोरांमुळे. गेल्डर्सच्या राज्यकर्त्यांच्या शिरस्त्राणावर मोरपिसांचा तुरा असे, आणि ती पिसं पुरवण्यासाठी स्टाव्हर्डनच्या जहागीरदाराने पांढरे मोर पाळायचे, अशी अट होती असं सांगतात. शहर झालं नाही, मोर मात्र टिकले. ती जहागीर आता प्रांतातले वाडे आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

सनदांबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रत्येक शहरासाठी नवा कायदा बसून लिहायचा, असं कुणी करत नसे. आधीच्या शहराचा कायदा उचलायचा आणि थोडे फेरफार करून पुढच्याला द्यायचा. हारलेमला २३ नोव्हेंबर १२४५ रोजी सनद मिळाली ती ब्राबांटच्या कायद्यावर बेतलेली होती. लगेच पुढच्या वर्षी डेल्फ्टला, आणि १२५४ मध्ये अल्कमारला हारलेमच्या धर्तीवर हक्क मिळाले. गेल्डर्सच्या बाजूला झुटफेन हे असं मूळ घराणं. नव्या शहरातल्या पंचांना एखाद्या खटल्यात कायद्याचा अर्थ लागला नाही, तर ते या मूळ शहराकडे जाऊन विचारत. शहरांची अशी कुळंच्या कुळं तयार झाली, आणि आजही डच इतिहासकार सनदांचा अभ्यास करताना वंशावळ मांडावी तसे तक्ते मांडतात.

छोटी शहरं सगळी एकाच वाटेने छोटी राहिली असंही नाही. नेदरलँड्सच्या पार नैर्ऋत्य टोकाला, बेल्जियमच्या सीमेला चिकटून सिंट आना तेर मौडन आहे. सनद १२४२ ची. हे गाव खरोखर गजबजलेलं होतं. ११३४ च्या वादळी भरतीने किनारा फोडून झ्विन नावाची खाडी आत ओढली होती, आणि त्या खाडीतून आजच्या बेल्जियममधल्या ब्रुज या शहराचा सगळा समुद्री व्यापार चाले. खाडीच्या काठाकाठाने ब्रुजची बाहेरची बंदरं वसली: डामे, स्लौस, आणि मुखाशी हे सिंट आना. इंग्लंडची लोकर, फ्रान्सची दारू, बाल्टिककडचं धान्य याच पाण्यातून जाई. पण भरतीबरोबर आत येणारी वाळू आणि गाळ ओहोटीबरोबर परत जाईना. शिवाय काठावरच्या लोकांनी बांध घालून जमीन मिळवायला सुरुवात केली, त्यामुळे खाडीत शिरणारं पाणी कमी झालं आणि गाळ आणखी साचला. मोठी जहाजं थांबली, व्यापार अँटवर्पकडे गेला, ब्रुज मंदावलं आणि त्याच्याबरोबर ही सगळी बंदरं. आज सिंट आना समुद्रापासून काही किलोमीटर आत आहे. जाड भिंतींचा चर्चचा मनोरा, छोटा चौक, त्यातला जुना पाण्याचा पंप आणि भोवतीची घरं एवढंच उरलं आहे. माणसं वाईट निघाली नाहीत की कायदा बदलला नाही. समुद्रच निघून गेला.

ब्रॉंकहॉर्स्टचं कारण तिसरंच. आयसल नदीजवळच्या या गावाला १४८२ मध्ये शहराचे हक्क मिळाले. मागे ताकद होती ती ब्रॉंकहॉर्स्ट घराण्याची. गेल्डर्समधल्या बड्या उमरावांपैकी हे एक, आणि चौदाव्या शतकात हेकेरेन घराण्याच्या गटाशी त्यांच्या गटाने केलेल्या भांडणाने अख्खा मुलूख होरपळला होता. एवढ्या मोठ्या घराण्याच्या किल्ल्याच्या पायथ्याला शहर हवं, हा मानाचाही प्रश्न होता. शहर किल्ल्याच्या सावलीत जगलं, आणि किल्ला पडला तेव्हा वाढ तिथेच थांबली. किल्ल्याची आता टेकडी उरली आहे. १३४४ मधलं प्रार्थनामंदिर आणि फरसबंद गल्ल्या आहेत, वस्ती दीडशेच्या आसपास. गंमत अशी, की २००५ मध्ये आसपासच्या पाच नगरपालिका एकत्र करून जी मोठी नगरपालिका केली, तिला नाव दिलं ते याच चिमुकल्या गावाचं.

आता उलट बाजू. द हेग. हॉलंडच्या काउंटांचा दरबार इथे, पुढे डच प्रजासत्ताकाच्या सभा इथे, आज संसद आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय इथे. आणि मध्ययुगात द हेगला शहराची सनद मिळालीच नाही. कित्येक शतकं ते कायद्याने खेडं होतं. सनद दिली असती तर तिथे स्वतंत्र नगरसत्ता तयार झाली असती, आणि राज्यकर्त्यांना आपल्या दाराशी तसा दुसरा धनी नको होता. याची किंमत द हेगला मोजावी लागली. स्पेनविरुद्धच्या युद्धात तट नसल्यामुळे स्पॅनिश फौजा सहज आत शिरल्या. १५७५ मध्ये तर हे बिनतटाचं ठिकाण पाडूनच टाकावं, असा विचार हॉलंडच्या प्रांतसभेत झाला, आणि स्पेनविरुद्धच्या बंडाचा पुढारी विल्यम ऑफ ऑरेंज मध्ये पडला म्हणून ते वाचलं. शहराचा दर्जा मिळाला तो थेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नेपोलियनचा भाऊ लुई हॉलंडचा राजा असताना.

सनद असणं आणि नसणं यातला फरक किती खोल होता, हे प्रजासत्ताकाच्या काळात दिसतं. हॉलंडच्या प्रांतसभेत एकूण एकोणीस मतं होती. एक सगळ्या उमरावांचं मिळून, बाकी अठरा, अठरा शहरांची. पुर्मेरेंडसारख्या छोट्या शहराला एक मत आणि अ‍ॅमस्टरडॅमलाही एकच. ज्या द हेगमध्ये ही सभा भरे, त्याला स्वतःचं मत नव्हतं. आणि शेतात राबणाऱ्या खेड्यांना तर नव्हतंच.

खेड्यांवरचा हा अन्याय नुसता मतापुरता नव्हता. १५३१ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने शहरांच्या मागणीवरून हॉलंडसाठी एक हुकूम काढला: शहराबाहेर नवे उद्योगधंदे सुरू करायचे नाहीत. खेड्यातल्या माणसाने कापड विणून, बिअर गाळून शहरातल्यापेक्षा स्वस्त विकावी, हे शहरांना खपत नव्हतं. शहरांच्या स्वातंत्र्याचं कौतुक करताना ही बाजू विसरली जाते. भिंतीच्या आतलं स्वातंत्र्य पुष्कळदा भिंतीबाहेरच्यांना बांधून ठेवून मिळवलेलं होतं. म्हणून या हक्कांचा शेवट झाला याचं मला वाईट वाटत नाही.

तो शेवट टप्प्याटप्प्याने आला. १७९५ च्या क्रांतीने जुनं प्रजासत्ताक संपवलं आणि सगळे नागरिक समान, हा विचार पुढे आणला. फ्रेंचांच्या अमलात कारभार एकसारखा करण्यात आला. फ्रेंच गेल्यावर राजा पहिला विल्यम याच्या काळात शहरं आणि खेडी यांच्यातला भेद काही प्रमाणात परत आला. प्रांतसभेत उमराव, शहरं आणि ग्रामीण भाग असे तीन वर्ग बसत. मग १८४८ मध्ये उदारमतवादी राजकारणी योहान रुडॉल्फ टॉर्बेके याच्या पुढाकाराने नवी राज्यघटना झाली आणि १८५१ मध्ये त्याचाच नगरपालिका कायदा. या कायद्याने ठरवलं, की देशात स्थानिक कारभाराचं एकच एकक असेल. रॉटरडॅम असो की शेतकऱ्यांचं खेडं, दोघांनाही एकाच कायद्याखाली महापौर आणि निवडून आलेली परिषद. शहराचे हक्क कुणी फाडून टाकले नाहीत. त्यांना चिकटलेले अधिकार काढून घेतले, एवढंच. तेव्हा देशात बाराशेच्या आसपास नगरपालिका होत्या. एकत्र करत करत त्या आज साडेतीनशेच्याही आत आल्या आहेत. त्यात कित्येक जुनी शहरं शेजारच्या मोठ्या नगरपालिकेत विलीन झाली. स्टाव्हर्डन एर्मेलोत, सिंट आना स्लौसमध्ये, ब्रॉंकहॉर्स्ट वर सांगितलेल्या नगरपालिकेत.

त्यामुळे आज एखादी डच वस्ती स्वतःला शहर म्हणवते तेव्हा तिला एक पैसाही जादा मिळत नाही, वेगळा कायदा लागत नाही. 'देशातलं सर्वांत छोटं शहर' हा मान मात्र पर्यटकांना खेचतो, आणि तो कुणाचा यावर एकमत नाही. माणसं मोजली तर स्टाव्हर्डनचं पारडं जड. पण स्टाव्हर्डन कधी शहरासारखं दिसलंच नाही, असं म्हणणारे ब्रॉंकहॉर्स्टकडे किंवा सिंट आनाकडे बोट दाखवतात. मला ब्रॉंकहॉर्स्टचा दावा पटतो. तिथे गल्ल्या आहेत, प्रार्थनामंदिर आहे, शेजारी शेजारी लागून घरं आहेत. सनदेच्या आधाराने खरंच काहीतरी वसलं होतं.

एका ठिकाणी मात्र जुनी यादी आजही जशीच्या तशी चालते. फ्रीसलंड प्रांतात कडाक्याची थंडी पडून कालवे पुरेसे गोठले, तर बर्फावरून सुमारे दोनशे किलोमीटरची स्केटिंगची शर्यत होते, अकरा शहरांना स्पर्श करणारी. १९०९ पासून ती फक्त पंधरा वेळा होऊ शकली, शेवटची ४ जानेवारी १९९७ रोजी. बर्फ साधारण पंधरा सेंटिमीटर जाड हवा, आणि असा हिवाळा आता दुर्मीळ झाला आहे. ही अकरा शहरं म्हणजे फ्रीसलंडमधली जुने हक्क असलेली शहरं. सातशेच्या आसपास वस्तीचं स्लोटन त्यात आहे, नुसती फेरी मारली तर अर्ध्या तासात पाहून होईल एवढं. प्रांतातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं गाव द्राख्तन, वस्ती पंचेचाळीस हजारांच्या घरात, त्यात नाही. ते मोठं झालं तोवर सनदांचा काळ सरला होता. शर्यतीत धावणाऱ्याने प्रत्येक शहरात आपल्या कार्डावर शिक्का घ्यायचा असतो, आणि स्लोटनचा शिक्का नसेल तर पदक मिळत नाही.